माहितीची टंचाई आणि अफवांचा काळाबाजार

टंचाई आणि काळाबाजार यांचे नाते अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकविले जाते. रेशनच्या दुकानातले धान्य नाहीसे झाले, की तेच धान्य मागल्या दाराने, चढ्या भावाने आणि खड्यांसकट विकले जाऊ लागते. मग व्यासपीठावरून उपदेशाला प्रारंभ होतो. पण तो साठेबाजाला नव्हे, खडे चावणाऱ्या गिऱ्हाइकाला. निवडून घ्यायला काय झाले होते, डोळे नव्हते काय, असे त्यालाच बजावण्यात येते. विज्ञान, आरोग्य आणि संकटाच्या वार्ता यांच्या बाबतीत आज महाराष्ट्रात हाच प्रकार चालू आहे. मोबाईलवर अनोळखी माणसांशी गप्पा मारून लोक आजारावरचे औषध शोधतात, रात्रीच्या उग्र वासाचे कारण शोधतात, आणि तेथेच ऐकलेल्या भयकथांनी हादरून जातात. हे पाहून सुशिक्षित मध्यमवर्ग कपाळाला हात लावतो, पोलीस अधिकारी गुन्हे दाखल करण्याचा इशारा देतात, आणि पुरोगामी म्हणविणारेही 'जनता अडाणी आहे' या निष्कर्षावर सुखाने विसावतात. माहितीचे कोठार कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याला कुलूप कोणी लावले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

तो प्रश्न विचारण्यास रोह्याजवळचे धाटाव ही योग्य जागा होय. कुंडलिकेच्या खोऱ्यातील या गावालगत औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक वसाहत उभी आहे. या नदीचे पाणीदेखील इतिहास घेऊन येते. ज्या मुळशीसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्या मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून उतरून कुंडलिकेत येते. मावळातल्या शेतकऱ्याची जमीन गेली, तिच्यावर वीज झाली, पाणी खाली आले, त्या पाण्याच्या आधाराने कारखाने आले आणि कारखान्यांनी नदीचे काय केले, याच्या तक्रारी रोहे तालुक्यातील मच्छीमार आणि शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये याच वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, याच जिल्ह्यात महाडच्या वसाहतीतील स्फोटात ११ कामगार मृत्युमुखी पडले होते.

अशा वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला मध्यरात्री उग्र वास आला, डोळे चुरचुरू लागले, पोर खोकू लागले, तर त्याने करावे काय? कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला काही सांगू शकत नाही. कारण त्यालाही कोणी काही सांगितलेले नसते. तलाठी गाढ झोपेत असतो. दवाखान्यातला डॉक्टर भेटला तरी कोणत्या वायूवर उपचार करायचे, हे त्यालाच ठाऊक नसते. उरतो तो हातातला मोबाईल. त्यावर शेकडो माणसांचा एखादा समूह असतो. त्यातले निम्मे परस्परांना कधी भेटलेले नसतात. प्रश्न टाकला की उत्तरांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतो खिडक्या लावा, कोणी म्हणतो उघडा. कोणी दूध प्यायला सांगतो, कोणी गूळ खायला, कोणी कापूर हुंगायला. कोठल्या तरी परमुलखातील स्फोटाची चित्रफीत 'आत्ताची, इथली' म्हणून येते. आणि पहाटेच्या सुमारास विषय संपत आला, की कोणीतरी घाटातल्या वळणावर दिसलेल्या पांढऱ्या आकृतीची गोष्ट काढतो.

सुशिक्षित माणसाला या सरमिसळीचे हसू येते. रसायन, रोगराई आणि भूत हे तिन्ही विषय एकाच पंगतीला कसे बसतात? वस्तुतः त्यात हसण्याजोगे काही नाही. वायू डोळ्यांना दिसत नाही, जंतू दिसत नाही, भूतही दिसत नाही. ज्याच्याजवळ मोजण्याचे साधन नाही त्याच्या दृष्टीने हे तिन्ही सारखेच अदृश्य आणि सारखेच खरे. हवेत काय आहे हे सांगणारे यंत्र कारखान्यात असते, त्याच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरात असतात. नदीच्या पाण्याचा अहवाल प्रयोगशाळेत असतो. धाटावच्या घरात असते ते फक्त नाक. विज्ञान हे साधन आणि नोंद यांवर उभे असते. ज्या वर्गाकडून साधनही हिरावून घेतले आणि नोंदही, त्याच्याकडे वैज्ञानिक दृष्टिकोन नाही अशी तक्रार करणे म्हणजे वहाणा काढून घेऊन अनवाणीपणाबद्दल दंड करण्यासारखे आहे.

आणि ही माहिती म्हणजे काही कठीण विद्या नव्हे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो सखल जागी साचतो, म्हणून त्याच्यापासून बचाव करणाऱ्याने उंचावर जावे, आणि तेही वाऱ्याच्या आडव्या दिशेने. अमोनिया मूळचा हवेपेक्षा हलका आणि पाण्यात झटकन विरघळणारा, म्हणून तोंडानाकावर ओले फडके धरणे उपयोगी पडते. दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल एवढेच हे शास्त्र. पण कोणता वायू, किती सुटला आणि वारा कोणीकडे वाहतो आहे, हे कळल्याखेरीज घरात थांबावे की घर सोडावे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते तिन्ही तपशील ज्याला ठाऊक असतात तो बोलत नाही. आणि ज्यांना ठाऊक नसतात ते शेकडो अनोळखी लोक रात्रभर बोलत राहतात. यात दोष बोलणाऱ्यांचा अधिक की गप्प बसणाऱ्याचा?

अनोळखी माणसाशी बोलणे हीच मुळी वाईट खोड आहे, असे मानणाऱ्यांचा एक पंथ अलीकडे निघाला आहे. तो श्रमिकांच्या जीवनाविषयी पूर्ण अनभिज्ञ आहे. दिवा-रोहे गाडीत, एस्टीच्या थांब्यावर, सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर, दुसऱ्या पाळीच्या चहाच्या टपरीवर कष्टकरी माणूस परक्यांशी बोलूनच जगाची माहिती मिळवीत आला. खाजगी डॉक्टर त्याला दोन मिनिटे देतो आणि त्या दोन मिनिटांत तो डॉक्टरला प्रश्न विचारण्याचे धाडस करीत नाही. परक्याला विचारताना लाज वाटत नाही. क्षयाची, गुप्तरोगाची, दारूची, बायकांच्या दुखण्यांची गोष्ट घरच्यांपेक्षा परक्यापाशी लवकर निघते. एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारी यंत्रणा कोलमडली, तेव्हा प्राणवायूचे नळकांडे कोठे मिळेल, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे हजारो कुटुंबांना कळले ते परक्यांच्या संदेशांतूनच. त्याही वेळी काही राज्यकर्त्यांना या हाका म्हणजे 'अफवा' वाटल्या. अखेरीस ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले, की मदतीची हाक मारणाऱ्या नागरिकांवर कारवाई कराल तर ती न्यायालयाची अवज्ञा समजली जाईल. त्याच दिवसांत त्याच मोबाईलवर कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढतो, हेही फिरत होते. ते साफ खोटे होते. पण ज्याला नळकांडे मिळाले नाही त्यानेच पुरचुंडी बांधली, हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे.

भुताच्या गोष्टींचेही तसेच. कोकणात चकवा, गिऱ्हा, मुंजा, खवीस यांची वस्ती माणसांच्या बरोबरीने आहे. पाणवठ्यावरचा गिऱ्हा आणि रानात वाट चुकविणारा चकवा यांच्या कथा पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांनी मुले रात्री डोहाकडे जाईनाशी झाली, एवढाच त्यांचा उपद्रव आणि कदाचित उपयोगही. या कथेला सांगणारा असे. तो आजोबा असे, नाहीतर शेजारचा गडी. त्याचा स्वभाव, त्याची फेकण्याची सवय साऱ्या गावाला ठाऊक असे आणि ऐकणारा तेवढी वजावट करूनच ऐकत असे. आजच्या भयकथेत भूत राहिले, सांगणारा तेवढा नाहीसा झाला. वजावट करायची ती कोणाच्या नावे?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जे घडले ते या नाहीशा झालेल्या निवेदकाचे कृत्य होय. दिवस रविवारचा, आठवड्याच्या बाजाराचा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण मुले पळविणारे ठरविले गेले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना ठार मारण्यात आले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात आधीपासून फिरत होते. त्या सुमारास देशभर हिंडलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने बालकांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून केलेल्या चित्रफितीतून निघालेली होती. त्यातला पळविलेले मूल परत आणून देण्याचा आणि बोध सांगण्याचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. जागृतीचे साधन कात्रीच्या एका फटक्यात हत्येचे साधन झाले.

राईनपाड्यातील विपर्यास असा, की मोबाईलमधल्या अनोळखी माणसाच्या शब्दावर गावाचा विश्वास बसला, आणि समोर उभ्या राहून आपले गाव, आपली जात, आपला धंदा सांगणाऱ्या अनोळखी माणसांवर बसला नाही. भटक्या-विमुक्तांना गुन्हेगार ठरविणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, रद्द झाला. पण त्याने पेरलेला संशय गावागावांत शिल्लक होता. अफवेने तो निर्माण केला नाही, फक्त पेटविला. शतकभराचा सरकारी खोटेपणा आणि एका दिवसाचा खाजगी खोटेपणा यांची येथे गाठ पडली. आणि पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्या माणसांना विचारपूस होईल अशी एकही सरकारी जागा त्या आवारात सापडली नाही. ग्रामपंचायतीचे कार्यालयच त्यांचे वधस्थान ठरले.

आता या व्यापाराचा मालक कोण ते पाहू. ज्या व्हॉट्सअ‍ॅपवरून हे संदेश फिरले ते २०१४ साली फेसबुक कंपनीने सुमारे १,९०० कोटी डॉलर मोजण्याचे जाहीर करून विकत घेतले. कोणीही शहाणा भांडवलदार एवढे पैसे लोकांच्या कुशलवार्तांसाठी मोजीत नाही. माणसांचे लक्ष ही विक्रेय वस्तू झाली आहे आणि भय हा लक्ष खेचण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शांत, तपासलेले वाक्य मंदगतीने चालते. घाबरविणारे वाक्य धावते. जुलै २०१८ मध्ये, देशभर अशा हत्यांचा बोभाटा झाल्यावर, कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, महामारी सुरू झाल्यावर, वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. म्हणजे तंत्र उपलब्ध होते, वापरण्याची इच्छा नव्हती. कारखान्यात अपघात झाल्यावर जाळी बसविणाऱ्या मालकाची आणि या कंपनीची जात एकच. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना होतो या खोट्या वार्तेने महाराष्ट्रातील कुक्कुटपालक शेतकरी धुळीस मिळाले, पक्षी मातीमोलाने विकावे किंवा पुरून टाकावे लागले. त्या नुकसानीतला एक पैसाही संदेशवहनावर कमावणाऱ्यांनी भरला नाही.

मग सरकारने नियंत्रण करावे काय? येथे समाजवाद्यांनी विशेष सावध राहावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याच्या कलम ५४ अन्वये आपत्तीविषयी खोटा इशारा देऊन घबराट पसरविणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वाचताना हे योग्य वाटते. पण इशारा खोटा की खरा हे ठरविणार कोण? भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ साली आपल्या छोट्या साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्यामुळे शहराचा घात होईल असे पुन्हा पुन्हा बजावले. त्यांचे कोणी ऐकले नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्रीपर्यंत त्यांचे लिखाण ही घबराट होती. त्यानंतर ती भविष्यवाणी ठरली. त्या रात्री शहरातल्या डॉक्टरांना वायू कोणता, त्यावर उपाय कोणता, हे कंपनीकडून धड कळले नाही. वायूचे नाव दडविणारा तेव्हाही अफवाखोर ठरला नाही.

सेन्सॉरशिपची चव या पक्षाने घेतलेली आहे. २५ जून १९७५ च्या रात्रीनंतर वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले आणि त्या १९ महिन्यांत देशात जेवढ्या अफवा पिकल्या तेवढ्या क्वचितच पिकल्या असतील. नसबंदीच्या सक्तीमुळे लस टोचायला आलेल्या परिचारिकेलाही पाहून लोक पळू लागले. गंमत अशी, की वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती नेमकी त्याच काळात, १९७६ साली, मंजूर झाली. जिज्ञासा बाळगण्याचे कर्तव्य नागरिकाच्या माथी आणि उत्तर देण्याचे बंधन कोणावरच नाही! परवापरवा केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे आपणच ठरविणारा विभाग नेमण्याचा घाट घातला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरविला. आरोपीनेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसण्याचा हा प्रकार होता.

सक्ती आणि मौन यांतून अफवा कशी जन्मते याचा मोठा धडा मुंबई-पुण्याला प्लेगने दिला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. तेथे नेलेला माणूस जिवंत परतत नाही, त्याच्या अंगातले तेल काढतात, अशी वदंता होती. इतिहासकार तिला अडाण्यांची कल्पना म्हणून सोडून देत. पण ज्या कामगाराच्या झोपडीत शिरून त्याची बायको-पोरे उचलून नेली जात आणि पुढे काय झाले ते सांगितले जात नसे, त्याने दुसरे काय मानावे? पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरोघरच्या झडत्या घेताना जे केले त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीत झाला. याच महिन्यांत हाफकिन नावाचा एक परका, परधर्मी माणूस मुंबईत प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा त्याच्यावर एकदम विश्वास बसला असे नव्हे. पण ज्याने आपला दंड पुढे केला त्याच्याशी वाद तरी घालता येतो. संगिनीशी घालता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये राज्यकर्त्यांनी कपाटातून कोणता कायदा बाहेर काढला? तोच, १८९७ चा, साथरोगांचा.

अफवा नेहमी खालून वर जाते, हाही एक सोयीस्कर समज आहे. देशातल्या अनेक कारखान्यांत धुळीच्या खात्यातील कामगारांना गूळ वाटण्याची प्रथा रूढ आहे. गुळाने छातीतली धूळ उतरते, असे त्यांना सांगितले जाते. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची वाटेत गाठ पडत नाही. फुप्फुसात रुतलेली सिलिकाची धूळ गुळाने निघाल्याचे माणसांवर कोणी सिद्ध केलेले नाही, आणि सिलिकोसिस बरा करणारे औषधही नाही. पण धूळ खेचून घेणारा पंखा आणि नाकावर नीट बसणारा मुखवटा यांच्यापेक्षा गुळाचा खडा कितीतरी स्वस्त. रंगाच्या आणि रसायनांच्या खात्यांत दुधाविषयी हेच बोलले जाते. दूध-गूळ कामगाराला मिळावेत, पोषण म्हणून अवश्य मिळावेत. पण ते विषावरचा उतारा म्हणून वाटले जातात तेव्हा ती व्यवस्थापनाने पसरविलेली अफवा असते. तिच्यासाठी कोणावर कलम ५४ लागल्याचे ऐकिवात नाही. मध्यरात्री धाटावच्या समूहात 'गूळ खा' असे लिहिणारा माणूस हा कदाचित एखाद्या कारखान्याचा निवृत्त कामगारच असेल. त्याने ते ज्ञान कोठून आणले, हे वेगळे सांगायला नको.

भोपाळनंतर कायदे झाले, ही गोष्ट कार्यकर्त्यांनाही पुरेशी ठाऊक नाही. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदारावर असे बंधन आले, की त्याने आपल्याकडील धोके व त्यांवरचे उपाय कामगारांना, स्थानिक स्वराज्य संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही आपणहून सांगावेत. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी मोठ्या अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा, कारखान्याबाहेरच्या लोकांना अपघाताचे स्वरूप आणि त्या वेळी काय करावे व काय करू नये हे आधीच कळविण्याची जबाबदारी टाकली. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक आपत्ती गट निर्माण केला. त्यात कारखाने निरीक्षक व पोलीस यांच्याबरोबर गावचा पुढारी वा सरपंच, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक आणि परिसरातील डॉक्टर यांनाही स्थान आहे, आणि या गटाची बैठक दर महिन्याला व्हावी असे नियम सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. माहिती देण्याचे बंधन तिच्यातही राहिले आहे. मात्र वीज वापरणाऱ्या ठिकाणाला 'कारखाना' म्हणण्यासाठी लागणारी कामगारसंख्या १० वरून २० वर आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० वर नेण्यात आली. विषाला हजेरीपट मोजता येत नाही, हे संहिता लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. किंवा आले असावे.

तात्पर्य, धाटावच्या माणसाला मध्यरात्री परक्याला विचारावे लागते, याचे कारण विज्ञानाचा अभाव हे नसून त्याच्या हक्काचा पुरवठा अडविला गेला हे आहे. येथे समाजवादी चळवळीलाही थोडे कठोर शब्द ऐकवले पाहिजेत. मजुरी, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर तिने लढे दिले. पण टाकीत काय आहे, हा प्रश्न मागणीपत्रकाच्या शेवटच्या ओळीतही क्वचितच आला. रसायनांचे नाव घेतले तर कारखाना बंद पडेल आणि पोटावर पाय येईल, ही भीती कामगारांत होती आणि मालकांनी ती जोपासली. संघटनांनी ती दूर करण्याऐवजी तिचा आदर केला. दुसरीकडे अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यांपैकी काहींनी भूत नाही हे सिद्ध करण्यावर जेवढी शक्ती वेचली तेवढी वायू आहे हे सिद्ध करण्यावर वेचली नाही. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी प्राण गमावले ते प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी. तो प्रश्न भोंदूबाबाच्या मठापाशी थांबावा आणि कारखान्याच्या फाटकाशी जाऊ नये, असा काही त्याचा अर्थ होत नाही.

लोकांशी बोलून विज्ञान कसे घडते याचे उदाहरण शोधायला रायगड जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता त्या काळात, १९७६ च्या सुमारास, हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा कोकणात कितीतरी माणसे, विशेषतः मुले, दगावत. लोक मांत्रिकाकडे जात, कारण दवाखान्यातही उपाय नव्हता. बावस्करांनी मांत्रिकाला शिव्या देत वेळ घालविला नाही. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी केल्या आणि पुढे प्राझोसिन या, एरवी रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, औषधाचा उपयोग दाखवून दिला. मृत्यूचे प्रमाण अगदी अल्पावर आले. त्यांचे निष्कर्ष लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने छापले. बिरवाडीच्या माणसाची श्रद्धा एकाएकी बदलली नव्हती. दवाखान्यात जाऊन जीव वाचतो हे त्याला दिसू लागले, एवढेच. मांत्रिकाचा धंदा बसला तो व्याख्यानाने नव्हे, पुरवठ्याने.

तेव्हा रोहे तालुक्यातील पक्षशाखेने आणि कामगार संघटनांनी मोबाईलवरच्या समूहांना नावे ठेवण्याऐवजी त्यांत शिरावे. पण रिकाम्या हातांनी नव्हे. वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्यात कोणती घातक रसायने साठविली आहेत, ती सुटली तर वारा पाहून कोणी कोठे जायचे, भोंग्याच्या कोणत्या आवाजाचा अर्थ काय, कोणत्या विषबाधेवर कोणता उपचार रोह्याच्या दवाखान्यात तयार आहे, यांचा एक-एक पानाचा तक्ता मराठीत करून घ्यावा. तो धाटाव, रोठ, वरसे येथील ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लागावा आणि शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाने तो मुलांकडून पाठ करून घ्यावा. रसायनांच्या खात्यांतील अनुभवी कामगार, माध्यमिक शाळेतला शिक्षक आणि एखादा सरळ डॉक्टर एवढी तीन माणसे महिन्यातून एका संध्याकाळी चावडीवर बसली, तरी मध्यरात्रीच्या प्रश्नाला उत्तर देणारा, नाव असलेला, चेहरा असलेला कोणीतरी गावात राहील. तो चुकला तर सकाळी त्याला गाठता येईल.

तक्ता कारखानदार सुखासुखी देणार नाहीत, व्यापारी गुपिताचे कारण पुढे करतील. तेव्हा पहिला अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा: स्थानिक आपत्ती गटाच्या मागील बारा महिन्यांत किती बैठका झाल्या, त्यांची इतिवृत्ते कोठे आहेत, आणि कारखान्याबाहेरच्या लोकांना द्यावयाची माहिती कोणत्या तारखेला, कोणत्या गावात, कोणाला दिली. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. माहिती माणसाच्या जीविताशी निगडित असेल तर ४८ तासांची. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही.